धूळ न लागलेली चोरी

अनुजा तिसऱ्या बेसवरून होमकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे, निघाली ती पळत नव्हतीच. लग्नाच्या पंगतीत वाढायला निघाल्यासारखी चालली होती. होम राखणारी कॅचर शिवानी तिथेच उभी होती आणि चेंडू तिच्या हातमोज्यात होता. नुसता हात पुढे करून तो अंगाला टेकवला असता तरी अनुजा बाद होती. पण शिवानी खाली मान घालून बुटाच्या नाडीकडे बघत राहिली. अनुजाने होमवर अलगद पाय ठेवला. तिच्या पांढऱ्या पँटीला मुरमाचा एक कण लागला नव्हता. मांडवात बसलेल्या तिच्या वडिलांनी, विजयसिंहांनी, टाळ्या वाजवल्या. ते जिल्हा बेसबॉल संघटनेचे उपाध्यक्ष असल्यामुळे मग बाकीच्यांनाही टाळ्या सुचल्या.

स्कोअररच्या टेबलाशी बसलेल्या संयोगिताच्या डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षं ती या खेळात होती, आधी खेळाडू म्हणून आणि आता स्कोअरर म्हणून. लबाड्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या, पण इतकी निर्लज्ज, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेली लबाडी पाहून तिला शिसारी आली.

जिल्ह्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाची ही निवड चाचणी होती. लाल आणि निळा असे दोन संघ पाडून खेळवले होते. सगळ्या जागा ठरल्या होत्या, एकच उरली होती, आणि तिच्यावर दोघींचा डोळा होता, निळ्यातल्या शिवानीचा आणि लालमधल्या अनुजाचा. आपल्या जिल्ह्याची पद्धत जुनी, अशी जागा चोरीच्या गुणांवर ठरायची. बॅटला चेंडू न लागता, समोरच्यांची नजर चुकवून पुढचा बेस गाठला की ती चोरी, आणि तिचा एक गुण. होम चोरला तर तीन. शिवानीचे चौदा झाले होते, अनुजाचे बारा. हे तीन मिळाले की अनुजाचे पंधरा होणार होते.

सकाळच्या सामन्यात शिवानीनेही होम चोरला होता. तो कसा? छातीवर घसरत, कोपराचं सालटं काढून, तोंडात माती घेऊन. संयोगितानेच तिच्या कोपराला हळद दाबली होती आणि वर, आपणही एकदा असाच होम चोरून राज्य स्पर्धेला कसे गेलो, ती गोष्ट ऐकवली होती. ती गोष्ट तिने आजवर प्रत्येक नव्या पोरीला ऐकवली होती. तिच्या आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखं ते एकच होतं म्हणा ना.

नियमाच्या पुस्तकात या बाबतीत काडीचाही गोंधळ नाही. अडवणाऱ्यांनी अडवायची इच्छाच दाखवली नाही, तर धाव मोजायची, चोरी मोजायची नाही. आणि ते ठरवायचं अंपायरने नाही, उपाध्यक्षांनी तर नाहीच नाही, फक्त स्कोअररने. संयोगिताने पेन्सिल उचलली, धाव लिहिली, आणि चोरीचा रकाना रिकामा ठेवला.

सामना संपला तशी तिने शिवानीला टेबलापाशी बोलावलं.

"चेंडू हातात हुता न्हवं? मग टेकवला का न्हाईस?"

शिवानीने इकडे तिकडे बघितलं. "सरांनी सांगिटलं हुतं म्याडम. म्हणाले, तुजी जागा पक्की हाय, तिला एक होम घिऊ दे, पोरीची हौस हाय."

"आणि तू ऐकलंस?"

"सरांचं न्हाई कसं ऐकायचं?" शिवानीला हा प्रश्नच समजला नाही. "मी कवाच न्हाई म्हटलो न्हाई त्यास्नी."

संयोगिताला त्या पोरीचा राग यायला हवा होता, पण आला नाही. राग आला तो गणपतरावांचा. बिचारीच्या हातानेच बिचारीची जागा काढून घ्यायची, आणि वर तिने त्यात आज्ञाधारकपणा मानायचा! शेण खायचं ते खायचं, आणि दुसऱ्याच्या हाताने.

गणपतराव म्हणजे सर. संघटनेचे सचिव. या भागात बेसबॉल आणला तो त्यांनी. संयोगिताला पन्हाळ्याच्या रस्त्यावरून पळताना पाहून त्यांनीच मैदानावर आणलं होतं, नियमांचं पुस्तकही त्यांनीच दिलं होतं. ते आता दोन कप चहा घेऊन साळसूदपणे टेबलाशी आले. एक कप तिच्यापुढे ठेवला. पाठोपाठ विजयसिंहही आले.

"म्याडम, धाव दिलीसा न्हवं?" विजयसिंहांनी कागदावर बोट ठेवलं. "मग चोरी का दीना झालाय? पोरगी होमवर गेली का न्हाई?"

"चालत गेली साहेब. चालत गेलेल्याला चोरी म्हणत न्हाईत."

विजयसिंहांनी सरांकडे बघितलं. सरांनी त्यांना डोळ्यानेच जायला सांगितलं. ते गेले. ती डोळ्यांची भाषा संयोगिताच्या नजरेतून सुटली नाही. चहाला तिने हात लावला नाही.

"लिव की गं," सर खुर्ची ओढून बसले. "एका रेघंचा तर परश्न हाय. मांडव त्यांचा, बसगाडी त्यांची. ती पोरगी राज्याला गेली तर फुडच्या वर्षी मैदान हुईल आपलं."

"आणि शिवानी?"

"ती ल्हान हाय. फुडच्या वर्षी जाईल."

"तिला जागा पक्की म्हणून सांगिटलंसा सर. तिच्याच हातानं घात केलासा. लाज वाटाय पायजे."

सरांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी चहाचा एक भुरका मारला, मिशी पुसली, आणि अगदी मायेने म्हणाले, "तुज्या येळंला तर न्हाई वाटली तुला."

"माज्या येळंला काय?"

"तुजा होम गं. कॅचर कोण हुती आठवतंय? क्रांती. चंदगडची. चेंडू तिच्या हातात हुता. तिलाबी मीच सांगिटलं हुतं, जागा पक्की हाय, संयोगिताला जाऊ दे. शीट मीच लिवली. तुज्या आबानं लई हातापाया पडून सांगिटलं हुतं, पोरीचं कायतर करा म्हणून. ती चोरी लिवली न्हसती तर तू राज्याला न्हाईस, राष्ट्रीयला न्हाईस, आणि खेळाडूच्या कोट्यातली सरकारी नोकरीबी न्हाई."

"खोटं बोलताय. मी पळालतो सर. जीव खाऊन पळालतो."

"पळालतीस की. पर चेंडू तुज्या आधी आलता." सरांनी पेन्सिल उचलून तिच्यापुढे धरली. "आता लिव. तुजं झाकलंय मी सतरा वर्षं. माजंबी झाक."

संयोगिता आठवायला गेली तर आठवेना. होमकडे झेपावताना डोळे मिटले होते, एवढंच आठवत होतं. परतीच्या एसटीत क्रांती शेजारी बसली होती आणि सारखी म्हणत होती, "लई जोरात आलतीस गं, माज्या हातनं चेंडूच निसटला." संघाची यादी लागली तेव्हा पेढे क्रांतीनेच वाटले होते. स्वतःचं नाव त्या यादीत नसताना.

तिने सरांच्या हातातली पेन्सिल घेतली. चोरीच्या रिकाम्या रकान्यात आडवी रेघ मारली, बाजूला "अडवण्याचा प्रयत्न नाही" असं लिहिलं, आणि खाली सही केली.

"मग मला बोलावं लागंल," सर म्हणाले.

"बोला. मांडवात माईक हाय. तुमी बोलला न्हाईसा तर मी बोलतो."

सरांनी उरलेला चहा मुरमावर ओतला आणि उठले. माईककडे मात्र गेले नाहीत. ते जाणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला जास्त किळस आली. आपलं गुपित सुरक्षित होतं ते त्यांच्या चांगुलपणामुळे नाही, दोघांचे हात एकाच चिखलात होते म्हणून.

यादी वाचली गेली. शेवटचं नाव शिवानीचं आलं. पोरगी सरांच्या पाया पडायला धावली, कारण जागा पक्की असल्याचं सरांनी सांगितलं होतं आणि ते खरं ठरलं होतं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. संयोगिताने तोंड फिरवलं.

मैदान रिकामं झाल्यावर तिने पिशवी आवरली. पिशवीत काजूचा डबा होता. दर मे महिन्यात चंदगडहून क्रांतीचा डबा एसटीने येतो. तिकडे ती काजू फोडायला जाते, बोटं चिकाने काळी पडलेली असतात, तरी संयोगितासाठी पांढरे, अख्खे तेवढे निवडून पाठवते. आजही सामन्यात दिवसभर संयोगिता तेच खात होती.

तिने फोन लावला.

"क्रांते, खरं सांग. त्या दिशी चेंडू हातात हुता का?"

पलीकडे काजू फोडण्याचा खटखट आवाज येत होता. तो थांबला.

"सर मेलं का काय?" क्रांतीने विचारलं. "न्हाई, त्यास्नी मी शबूद दिलता, जित्तं हाईत तवर सांगणार न्हाई म्हणून."

"जित्तं हाईत. सांग."

"हुता की हातात. तू डोळं मिटून आलतीस बग. टेकवलो असतो तरी तुला कळलं नसतं."

"मग सतरा वर्षं बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलायचं? तू किती खूश हुतीस." आणि मग, विषय संपला असं समजून, रोजच्या आवाजात, "औंदाचं काजू बरं हाईत का? जरा बारीक पडल्यात."

संयोगिताच्या दाढेत एक तुकडा अडकलेला होता. तिला तो गिळवेना आणि थुंकवेना.

"चांगले हाईत," ती म्हणाली, आणि स्वतःचा तो गोड आवाज ऐकून तिला सगळ्यांत जास्त किळस आली.