पुंगळ्यांचं वाण

“सगळ्या वाटून टाकल्यास?” रिकामा ट्रे हातात धरून श्रीराम स्वयंपाकघराच्या दारातच खिळला.

“मग काय, वाण कपाटात ठेवून पूजा करू?” सुलेखा हळदीकुंकवाच्या बशा विसळत होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता. “अहो, काय सांगू! भारतातून येणाऱ्या नंदूच्या बॅगेत वाणाच्या डब्या होत्या, त्या एअरलाइननं कुठं हरवल्या देव जाणे. बायका यायला तास राहिला आणि घरात वाणाचा पत्ता नाही. तर तुमच्या टेबलावर बघते तो काय, उदबत्तीची घरं! काडी आत सोडली की बुडाच्या भोकात अशी ताठ उभी राहते! मला सरप्राइज द्यायचं होतं ना? आणि मला मेलीला वाटायचं, हे रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात काय घासत बसतात. सगळ्यांना सांगितलं मी, आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं केलीत म्हणून.”

श्रीरामच्या तोंडचं पाणी पळालं. ती उदबत्तीची घरं नव्हती. बंदुकीच्या काडतुसांच्या कोऱ्या, रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या त्या. आत दारू नाही, पुढं गोळी नाही, तेव्हा धोका कुणालाच नव्हता. होता तो एकट्या श्रीरामला. कारण रविवारी शेजारच्या वॉल्टरची नेमबाजीची स्पर्धा होती, आणि आज शुक्रवार होता.

अमेरिकेत, डॅलसजवळच्या प्लेनोत श्रीराम एका टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होता. ब्रॅकेटांची ड्रॉइंग्ज काढायचा. ते ब्रॅकेट कुठं लागतं, लागतं तरी का, आणि आपली रेघ केसभर इकडंतिकडं गेली तर जगात कुणाचं काय अडेल, हे इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्यानं धीर करून बॉसला विचारलंही. बॉस म्हणाला, “गुड क्वेश्चन,” आणि जेवायला गेला.

वॉल्टर हा निवृत्त प्लंबर. त्याला सहाशे यार्डांवरचं लख्ख दिसायचं, पण हातातलं दिसायचं नाही. त्यामुळं बारीक काम श्रीरामकडं आलं आणि श्रीराम त्यात रमला. दुकानातून कोऱ्या पुंगळ्या आणल्या की झालं, असं आपल्याला वाटतं. पण नवा बिडाचा तवा आणला म्हणून लगेच त्यावर कुणी धिरडं घालतं का? तसंच हे. तोंडाची कड आतून-बाहेरून खरवडायची, सगळ्यांची उंची सारखी करायची, ठिणगी आत जायला बुडाशी जे भोक असतं त्याच्या कडेची कुसं काढायची, मग एकेक तोलून अगदी सारख्या वजनाच्या तेवढ्या निवडायच्या. दोन महिने खपून त्यानं शंभरांतून वीस निवडल्या होत्या, शेवटचा हात फिरवायला म्हणून घरी आणल्या आणि इथंच घात झाला. स्वतः त्यानं जन्मात गोळी झाडली नव्हती. दिवाळीत लवंगी वाजली तरी हा कानात बोटं घालायचा. त्याला फक्त एवढंच बघायचं होतं, की आपण केलेल्या कामानं कुठं काही फरक पडतो का. ते रविवारी कळणार होतं.

“अगं, ती काडतुसं आहेत,” तो कसाबसा म्हणाला.

सुलेखाच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली. “काडतुसं? सौभाग्याचं वाण म्हणून मी साऱ्या गावाला काडतुसं वाटली?” मग आवाज एकदम उतरला. “म्हणजे माझ्यासाठी नव्हती केलीत?”

श्रीराम रिकाम्या ट्रेकडं बघू लागला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर असं ट्रेकडं बघणं म्हणजे काय ते बायकोला बरोबर कळतं. ती हात पुसून आत गेली.

सकाळी चहाचा कप मात्र समोर आला, आणि कपाशेजारी गाडीची किल्ली.

“चला. रिकॉल झालंय म्हणून सांगायचं.”

“काय झालंय?”

“रिकॉल! इथं गाड्या परत मागवतात, टोस्टर परत मागवतात. मग वाणानंच काय घोडं मारलंय?”

वाटेत दुकानातून काचेची मेणबत्तीची घरं घेतली आणि दोघं दारोदार हिंडू लागले. अमेरिकेत राहून मंडळी अशी तयार झाली होती, की ‘रिकॉल’ म्हटल्यावर बहुतेक घरी कुणी पुढं विचारलंच नाही. अडल्या त्या फक्त मंडळाच्या अध्यक्ष शरयूवहिनी.

“काय डिफेक्ट आहे म्हणे?”

“पितळ तडकतं, वहिनी,” श्रीराम म्हणाला.

“पितळ? तडकतं? भावजी, आमच्या सासूबाईंचं पातेलं पन्नास वर्षं चुलीवर होतं!”

“हे अमेरिकन पितळ आहे ना,” सुलेखा पटकन म्हणाली.

“हां, मग बरोबर,” शरयूवहिनी म्हणाल्या. अमेरिकेतल्या पितळापासून पावापर्यंत सगळ्याबद्दल त्यांचं मत वाईटच होतं. त्यांनी पुंगळी परत दिली, पण बदली म्हणून काचेची दोन घेतली. एक आजचं आणि एक गेल्या वर्षी सुलेखानं दिलेली वाटी गळत होती त्याबद्दल.

दुपारपर्यंत एकोणीस पुंगळ्या जमल्या. आता राहिलं रेखाचं घर. दार उघडलं ते रेखाच्या सासूबाईंनी, पद्मिनीमावशींनी. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि मुलगा त्यांना इकडं घेऊन आला.

“ये बाळ, ये. रेखा ग्रोसरीला गेलीय.” मावशींनी श्रीरामचा हात धरून त्याला थेट आत नेलं. टीव्हीवर काकांचा फोटो होता आणि फोटोसमोर पुंगळी. पुंगळीत मोगऱ्याची उदबत्ती जळत होती.

“हे तूच केलंस ना? मला आता हळदीकुंकवाला कोण बोलावणार! पण रेखानं घरी आल्याआल्या तिचं वाण माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, तुम्हीच ठेवा. कशी ताठ उभी राहते बघ. नाहीतर इतके दिवस बटाट्यात खोचत होते रे. ह्यांना जन्मभर बटाटा आवडला नाही, आणि मी आपली रोज त्यांच्यापुढं बटाटा ठेवतेय!” मावशी हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

श्रीरामनं हातातली पुंगळ्यांची पिशवी पाठीमागं धरली. त्यानं सुलेखाकडं पाहिलं. तिच्या हातात शेवटचं काचेचं घर होतं. ती पुढं झाली आणि तिनं ते मावशींच्या ओंजळीत ठेवलं.

“मावशी, तुमचं वाण द्यायचं राहिलं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही यायचंत. मी स्वतः न्यायला येईन.”

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “मागितली नाहीत, बरं केलंत.” कालपासून तिनं त्याच्याशी मायेनं उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य होतं. श्रीरामला जरा हायसं वाटलं, पण वॉल्टरला काय सांगायचं याची जुळवाजुळव तो घरापर्यंत करत राहिला.

वॉल्टरनं सगळी हकीकत ऐकली. एक पुंगळी नाकाशी नेली. “श्री, याला चर्चचा वास येतोय.”

“धुतल्या मी. दोनदा धुतल्या.”

“हं. म्हणजे एक कमी.” टाकाऊ ढिगातली एक पुंगळी उचलून वॉल्टरनं ती होती तशीच दारू-गोळी घालून भरली. तिला घासायला-तोलायला आता वेळच नव्हता. “हिला शेवटी ठेव. तोवर मी जिंकलेलो असेन.”

रविवारी श्रीराम कानात कापूस घालून, वर आवाज अडवणारे इयरमफ चढवून दुर्बिणीला डोळा लावून बसला. प्रत्येक बारानंतर मोगऱ्याचा बारीक वास यायचा आणि शेजारचा नेमबाज इकडंतिकडं बघायचा. पहिली गोळी मधोमध. दुसरी तिला खेटून. तिसरी, चौथी, सगळ्या तिथंच! एकोणीस भोकं एका वाटीखाली झाकली असती.

मग विसावी. वाऱ्याचा मागमूस नव्हता, वॉल्टरचा हात हलला नव्हता. तरीही गोळी वर गेली, काळ्या वर्तुळाच्या पार कडेला. कप गेला. डॅलसच्या एका डेंटिस्टला मिळाला.

वॉल्टर हरला याचं श्रीरामला मनापासून वाईट वाटलं. आणि त्याच वेळी पोटात कुठंतरी गुदगुल्या झाल्या, आणि गुदगुल्या झाल्या म्हणून लाजही वाटली. वॉल्टर कुरकुरत उठला, निशाणाचा कागद मागवून घेतला, बराच वेळ बघितला आणि गुंडाळी करून श्रीरामच्या छातीवर आपटला.

“तुझ्या त्या आंटीला सांग, पुढच्या वेळी बटाटे मी आणून देतो. आणि हा कागद तू ने. तुझा आहे.”

श्रीराम घरी पोचला तेव्हा सुलेखा कणीक मळत होती.

“जिंकला का म्हातारा?”

“हरला.”

“मग तुम्ही हसताय कशाला?”

श्रीरामनं टेबलावर कागद पसरला. सुलेखा वाकून बघू लागली. मधल्या झुबक्याकडं बघून तिच्या भुवया वर गेल्या. मग तिनं कडेच्या त्या एकट्या भोकावर बोट ठेवलं.

“ही बघा, ही चुकली.”

“ती माझी नाही,” श्रीराम म्हणाला.

सुलेखानं त्याच्याकडं पाहिलं. मग कणकेचे हात धुऊन ती आली, खुर्ची ओढून बसली आणि बाकीची भोकं एकेक करून बघू लागली.