माझी नळी सरळ आहे

मी छऱ्याची बंदूक बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, माझी नळी सरळ आहे. लातुरात बार्शी रस्त्याला शंकरप्पांचं पत्र्याचं शेड आहे. तिथं नेमबाजी शिकायला येणारा जो तो नेम चुकला की माझ्या नळीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "वाकडी हाय ही." अरे, नाचता येईना अंगण वाकडं! हात तुमचा थरथरतो, चाप तुम्ही विहिरीतून बादली ओढल्यासारखा हिसकता, आणि नावं मला ठेवता?

हां, माझं मागचं आयुष्य मी लपवत नाही. मी माहूरच्या जत्रेतली. भुजंग नावाच्या माणसाच्या दुकानात फुगे फोडायला होते. नळीच्या टोकावर लोखंडाचा छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी बघत नेम धरायचा असतो. भुजंगानं माझी माशीच पकडीनं तिरकी करून ठेवली होती. मग फुगा कशाला फुटतोय! नवी नवी लग्नं झालेले गडी बायकोसमोर खजील व्हायचे आणि हा मिशीत हसायचा. मला लाज वाटायची. अजून वाटते.

एकदा शंकरप्पा देवीच्या दर्शनाला आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला उदगीरकडचा माणूस. त्यांनी तीन छर्रे झाडले. फुगा एकही फुटला नाही, पण तिन्ही छर्रे फुग्याच्या वीतभर डावीकडं, एकमेकांना चिकटून बसले. ते खूष! "भुजंगा, बंदूक गुणाची हाय. खोट तुझ्या पकडीची हाय," म्हणाले आणि मला मागून घेतलं. माशी सरळ केली. हा किस्सा ते शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

शेडमध्ये आले तरी 'जत्रेतली' हे नाव काही सुटलं नाही. कपाटात एक नवी कोरी रायफल होती, तिला सगळे मऊ कापडानं पुसायचे. मी आपली खिळ्याला. पण शंकरप्पांचा नियम कडक होता. नवी रायफल आणि नांदेडच्या स्पर्धेच्या संघात नाव, दोन्ही हवं असेल तर आधी माझ्यावर परीक्षा द्यायची. कागदावर ते घरून आणलेली काचेची बांगडी ठेवायचे, तिच्याभोवती पेन्सिल फिरवायचे. दहा मीटरवरून पाच छर्रे त्या गोलात. बस्स.

सृष्टी शिरूर अनंतपाळहून एसटीनं यायची. पहिल्या दिवशी मला उचललं तेव्हा तिच्या दंडाला पेटका आला. पण पोरगी चिवट. शंकरप्पा सांगायचे, "पाय रोव. गाल लाकडी कुंद्याला टेकव. निम्मा श्वास सोड अन् थांब. चाप ओढायचा न्हाई, दाबायचा. अन् छर्रा सुटला तरी मान वर काढायची न्हाई, लई घाई असते लोकांना बघायची." बाकीचे 'हाव, हाव' म्हणून मान डोलवायचे आणि विसरायचे. ही छर्रा न भरता मला नुसती धरून पंधरा-पंधरा मिनिटं उभी राहायची. चार महिन्यांत तिचा श्वास माझ्या ओळखीचा झाला.

तिच्या वडलांनी, शेषेरावांनी, तिला मुदत दिली होती. "दिवाळीपर्यंत बघ. संघात नाव आलं तर मी स्वतः नांदेडला सोडायला येतो. न्हाई आलं तर मग हे बंद." म्हणजे दिवाळीआधीची ती एक परीक्षा, आणि तिचं सगळं त्यावर.

आणि नेमकी मध्ये खंडेनवमी आली.

शस्त्रपूजेला मला पाटावर ठेवलं. झेंडू वाहिला, आरती केली. शंकरप्पांना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. त्यांनी ओलं कुंकू भक्तीनं लावलं ते थेट माझ्या माशीवर, वरून अक्षता. एक दाणा तिथंच चिकटला आणि वाळून घट्ट झाला. आता माशी उंच झाली की नेम धरणारा नळी आपोआप खाली झुकवतो, आणि छर्रा खाली जातो. साधा हिशेब! पण पूजेचं कुंकू पुसायचं नसतं ना. आठ दिवस सगळे त्या लाल गोळ्यावरून नेम धरत होते आणि कुणी हात लावीना. बाकीच्यांचे छर्रे तसेही चारी दिशांना जायचे, त्यांना काय कळणार? सृष्टीचे मात्र खाली जायला लागले. ती बावरली. कधी वर धरायची, कधी चाप हिसकायची. चार महिन्यांची बैठक आठ दिवसांत मोडायला निघाली होती. देवानं मला तोंड दिलं असतं तर असं बोलले असते की पत्रे हलले असते!

परीक्षेचा दिवस. शेषेराव दारात टोपी हातात घेऊन उभे. सृष्टीनं मला उचललं, क्षणभर डोळे मिटले, आणि मला कळलं, ही आज वर-खाली काही करणार नाही. जसं शिकवलं तसंच करणार. निम्मा श्वास. थांबली. दाबलं. पाचही वेळा तेच.

तिच्याबरोबर शिकणारा अंबरीश कागद घेऊन आला आणि हसला. "बांगडीत एकबी न्हाई! जत्रेतली बंदूक ती, तिच्याकडून काय व्हणार?"

शेषेरावांनी टोपी डोक्यावर घातली. "चल बाई."

"थांबा बाबा." सृष्टीनं कागद घेतला. पाच भोकं होती, तीन बोटं खाली, पण एकमेकांना चिकटून. "सर, माहूरला तुम्ही बंदूक का घेतली होती? फुगा तर फुटला नव्हता."

शंकरप्पांनी कागद नाकाजवळ धरला. बोटानं भोकं चाचपली. मग पोरीनं माझ्या माशीवर बोट ठेवलं. "हे पुसू का?"

"पूजेचं हाय ते."

"मग पूजा करून तिला आंधळी ठेवायची का?"

शंकरप्पांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं माझी माशी पुसली. "चूक माझी हाय," म्हणाले. "पुन्हा झाड. पाच."

ते पाच छर्रे बांगडीच्या मधोमध गेले. तीन तर एकाच भोकातून. शेषेरावांनी फक्त नांदेडला सकाळची गाडी किती वाजता असते ते विचारलं.

सृष्टी नवी रायफल घेऊन नांदेडला गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मीही गेले असते तर काय बिघडलं असतं! पण जाताना तिनं माझ्या कुंद्याला गाल टेकवला, आणि यंदाच्या खंडेनवमीला शंकरप्पांनी कुंकू कुंद्यावर लावलं.

मी अजून त्याच खिळ्याला आहे. काल अंबरीश आला. पहिला छर्रा भिंतीत गेला. त्यानं सवयीनं माझ्या नळीवरून बोट फिरवलं, मग एकदम थांबला. इकडंतिकडं बघितलं, बोट मागं घेतलं, आणि मुकाट्यानं पाय रोवून उभा राहिला.

हाव बाबा. आता तुझा श्वास सांभाळ, माझी नळी मी सांभाळते.