कोरडा साचा

हिराकाकींच्या घरी आपण पोहोचण्याआधी त्यांच्या हाताचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत असे. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागले की दुसऱ्या वळणावर, डावीकडच्या उतारावरून, वाळू ठोकल्याचा संथ नाद येई: आरंभी भुसभुशीत, मग भरीव, आणि शेवटी दगडावर दगड टेकावा इतका घट्ट. घट्ट झाला की तो थांबे. किती ठोकायचे हे काकी डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठरवत. कमी ठोकली तर वाळू धातूच्या भाराने ढासळते, जास्त ठोकली तर आतल्या वायूला वाट उरत नाही. या दोहोंमधली अरुंद पायवाट त्यांच्या कानाला ठाऊक होती.

त्यांची भट्टी जुन्या गोठ्यात होती. मातीने आतून लिंपलेले लोखंडी पिंप, त्याला वारा घालणारा पंखा, आणि मूस, म्हणजे धातू वितळवायचे भांडे, उचलायचा लांब चिमटा. काकींचे यजमान मुंबईच्या एका ओतकामाच्या कारखान्यात आयुष्यभर राबले, निवृत्त होऊन गावी आले आणि हे सगळे मांडून, काकींना शिकवून, चार वर्षांत गेले. काकींनी भट्टी विझू दिली नाही. सुती लुगडे, त्याखाली यजमानांचे दोन नंबर मोठे चामडी बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. या वेशात त्या भट्टीपुढे उभ्या राहिल्या की सत्तरीतली ती किरकोळ बाई एकाएकी उंच भासे.

त्यांची वाळू पाण्याने भिजवलेली नसे. बारीक चाळलेली वाळू तव्यावर कोरडी करून त्या तिच्यात मऊ माती आणि यंत्राचे तेल मळत. काळपट, ओलसर दिसणारी, पण पाण्याचा अंशही नसलेली ती वाळू मुठीत दाबून मोडली तर कड विळीने कापल्यासारखी निघे. कोकणच्या दमट हवेत काकी तिला जपत, तसे कुणी धान्यालाही जपत नसेल.

त्या कार्तिकात मी वसंताबरोबर तिथे गेलो. वसंत बारा वर्षे मुंबईत राखणदारी करून परतलेला, घाटाखालच्या वाडीत जुनी भातगिरणी चालवणारा. आमच्या महाडच्या घरचा तांदूळ त्याच्याच गिरणीतून येई. गिरणीचे मोठे पट्ट्याचे चाक फुटले होते, आणि ते यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. झोडलेले भात वाडीच्या पडव्यांत पोत्यांनी उभे होते. मुंबईतल्या जुन्या मालकाने त्याची जागा सोमवारपर्यंत राखली होती. चाक जमले तर वसंत वाडीत राहणार होता, नाही तर पुन्हा फाटकावर. वाटेत त्याने हे सांगितले तेव्हा त्याचा स्वर सपाट होता. माणूस ज्या गोष्टीला फार भितो ती असाच सांगतो.

काकींनी फुटक्या चाकाचे तुकडे जोडून, त्यावर लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा, पातळ थर चढवून ते किंचित थोराड केले होते, कारण धातू थंड होताना आक्रसतो. ते चाक दोन लाकडी चौकटींत, वाळूच्या दोन थरांमध्ये दाबून त्यांनी अलगद काढून घेतले आणि चौकटी पुन्हा एकमेकींवर बसवल्या. आत आता चाकाच्या आकाराची पोकळी होती, नसलेल्या वस्तूइतकी अचूक. वर धातू ओतण्यासाठी बोटभर रुंद भोक. भट्टीतल्या मुशीत जुने पिस्टन वितळून पाऱ्यासारखे थरथरत होते.

वसंताने नारळ आणला होता. भट्टीसमोर त्याने तो वाढवला, तेव्हा काकी पाठमोऱ्या होत्या, धातूवरची मळी काढत होत्या. दरवर्षी हंगामाच्या आरंभी तो गिरणीवर नारळाचे पाणी शिंपडे. त्याच सवयीने, त्याच निष्ठेने त्याने चार दिशांना पाणी शिंपडले, आणि चौकटींवरही. मी ते पाहिले, पण त्यात काही वावगे आहे हे मला कळले नाही.

मूस चिमट्यात धरून काकी वळल्या, दोन पावले आल्या आणि जागीच थबकल्या. साध्या ओल्या वाळूने ते पाणी मुकाट्याने पिऊन टाकले असते. या तेलकट वाळूवर मात्र थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे अखंड, चकाकत उभे होते. वितळलेल्या धातूचे ओझे हातात असताना त्या क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या. मग शांतपणे बाजूला गेल्या आणि सगळा धातू तापवून ठेवलेल्या लोखंडी पन्हळीत रिता केला.

“दोन थेंब तर हाईत, काकी,” वसंत म्हणाला. “पुसून टाकतो.”

“दिसले ते पुसशील रे. भोकातनं आत गेला असंल तो? धातू पडला की त्याची वाफ हुती, अन् साचा तोंडावर फुटतो.”

काकींनी रिकामी मूस खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला, आणि जिन्नस मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, “आमच्या मालकांचा, तुझ्या काकांचा, उजवा डोळा असाच गेला. मुंबईत, ओल्या वाळूनं. म्हनून ही तेलाची.”

मग हातोडीच्या एका फटक्याने त्यांनी तो निर्दोष साचा मोडून टाकला. सकाळभराची मेहनत ढिगारा होऊन पडली. वसंताला त्यांनी एवढेच सुनावले, की पोरा, तुझ्या गिरणीला अंघोळ चालते, माझ्या भट्टीला नाय. आणि हात कोरडे करून ये, वाळू चाळायची हाय. तो पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखा अवघडून चाळणीशी बसला.

ओला वाटला तो थर काकींनी बाहेर फेकला आणि उरलेली वाळू पुन्हा ठोकली, त्याच संथपणे, जणू सोमवार नावाचा वारच नव्हता. या खेपेस चाक काढताना एका आऱ्याची कड किंचित ढळली. काकींनी ती अंगठ्याने दाबून बसवली. उन्हे कलताना धातू दुसऱ्यांदा ओतला गेला: एक अखंड, रुपेरी, निःशब्द धार. भोक काठोकाठ भरले, जळक्या तेलाचा निळसर धूर उठला, आणि स्फोटाच्या जागी नुसती शांतता पसरली. मी बातमीदारीत पुष्कळ मोठे प्रसंग पाहिले आहेत. त्या शांततेएवढे मोठे थोडेच.

चाक महाडच्या लेथवर तासून शनिवारी बसले. वसंत सोमवारी कुठेही गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी उतार नाकारला आणि काकी लेकीकडे पनवेलला गेल्या. त्यांच्याशिवाय भट्टी पेटवणारे कुणी नाही. हंगामात मी गिरणीत गेलो तेव्हा वसंताने शेवटचे पोते संपवून वीज बंद केली. चाक मंदावले, आरे वेगळे दिसू लागले, आणि त्यांतल्या एकावर, लेथने जिथे स्पर्श केला नव्हता, एका अंगठ्याच्या बारीक रेषा धातूत उमटलेल्या होत्या. वसंताला त्या ठाऊक होत्या. घासून काढाव्यात असे त्याला कधी वाटले नाही, म्हणाला.

काम चालू असते तोवर तो अंगठा कुणालाच दिसत नाही. नसलेल्या माणसाला काळ असाच आपल्या वेगात सामावून घेत असावा, आणि सगळे थांबते त्या क्षणी आपल्या नजरेला परत देत असावा.