श्वास सोडल्यावरचं माप

अपंगत्व भत्त्याच्या अर्जात एकोणचाळीस प्रश्न होते आणि बाबांनी त्यांतल्या सदतिसांना ‘जमतं’ असं उत्तर दिलं. उरलेले दोन बाळंतपणाबद्दलचे होते.

मी वाचत होते, ते सांगत होते, मी लिहीत होते. जिना चढता येतो का? जमतं. भरलेलं पातेलं उचलता येतं का? जमतं. शर्टाची बटणं लावता येतात का? इथे मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो प्रश्न मीच छापून आणला होता.

“चाळीस वर्षं लोकांची बटणं लावली. आता माझी नाही लावता येणार?”

बाबा शिंपी होते. त्यांच्या दुकानात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. परवा मुलाखत आहे, कोट हवाय? जमेल. कापड कमी आहे? जमवू. सांधेवातानं बोटं वाकायला लागली तरी पुढची कितीतरी वर्षं ते ‘जमेल’ म्हणत राहिले. मग एका दुपारी मोठी कात्री अंगठ्यात अशी अडकली, की आत्यानं साबण लावून ती काढली. त्या दिवशी दुकान बंद झालं ते झालंच.

अर्ज मंजूर झाला तर भत्ता मिळणार होता आणि रोज सकाळी दोन तास मदतनीस येणार होती. नाही झाला, तर बाबांना दुकानावरच्या त्या दोन खोल्या सोडून वृद्धनिवासात जावं लागणार होतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि सकाळी सातला वाचनालय उघडते. आत्या शेजारीच राहायची, पण ती बाबांहून सहा वर्षांनी मोठी, तिला स्वतःलाच काठी. निवासाबद्दल बाबांनी एकच गोष्ट विचारली होती. “तिथे मशीन ठेवू देतात का?”

नाही देत. मी चौकशी केली होती.

त्या पहिल्या अर्जात एक चूक माझीही होती. दुःख नेहमी हळू आवाजात सांगावं, असं मला वाचून वाचून वाटू लागलं होतं. मी लिहिलं, ‘सकाळच्या वेळी हालचालींवर काहीशी मर्यादा येते.’ खरं असं होतं, की सकाळी सहा ते आठ बाबा पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून ठेवत. आणि ते पाणी तापवायला शेगडीचा खटका पकडीनं फिरवत.

तपासणीला ते एकटेच गेले. मी येते म्हटलं, तर म्हणाले, “मी काय शाळेत चाललोय?” महिन्याभरानं नकाराचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘अर्जदार नीटनेटके, इस्त्रीच्या कपड्यांत आले. सर्व बटणे लावलेली होती.’

आत्यानं पत्र हातात धरून दोनदा वाचलं.

“सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा. अरे, तिथे काय मुलगी बघायला गेला होतास? ती सात बटणं लावायला उजाडल्यापासून बसला होतास, ते सांगितलंस का त्या डॉक्टरला?”

“त्यानं विचारलं नाही.”

“घ्या! आणि तू गं?” ती माझ्याकडे वळली. “एवढाली पुस्तकं वाचतेस. बापाचं दुखणं लिहायची वेळ आली तेव्हा नेमकी शाई संपली होय?”

फेरअर्जाला तीन आठवड्यांची मुदत होती.

रविवारी मी कोरा अर्ज घेऊन गेले. मशीनच्या वरच्या खिळ्याला बाबांची टेप लटकत होती. ती पाहिली आणि मला दुकानातलं माप घेणं आठवलं. मापाला उभं राहिलं, की गिऱ्हाईक हमखास पोट आत घेतं. बाबा त्याला कधी काही बोलत नसत. टेप कमरेभोवती सैलसर धरून उभे राहत आणि भलतंच काहीतरी विचारत. मुलगी आता कितवीत? तुमच्या गल्लीतला खड्डा बुजवला का? माणूस बोलता बोलता विसरायचा, श्वास सोडायचा, आणि बाबा गुपचूप आकडा टिपून घ्यायचे. “खोटारडी नसतात गं ती माणसं,” ते मला सांगायचे. “पाहुण्यासमोर उभी असतात, एवढंच.”

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही पोट आत घेऊन माप दिलंत.”

त्यांनी खिळ्यावरच्या टेपकडे पाहिलं. मग म्हणाले, “आणि तू तसंच बेतलंस.”

“हो.”

“मग रुतणारच कमरेत.” आणि ते हसले.

या वेळी मी सगळी विशेषणं काढून टाकली. घड्याळ समोर ठेवलं. एक बटण, तेरा मिनिटं. जिना, मधे दोनदा बसून, अकरा मिनिटं. भरलेलं पातेलं उचलता येत नाही. अर्धं भरलेलं दोन्ही मनगटांवर घेऊन.

दुसऱ्या तपासणीला मी सोबत गेले. बाबा पुन्हा इस्त्रीच्या शर्टातच. “उसवलेल्या कपड्यांत शिंपी बाहेर पडला तर धंद्याची अब्रू जाते,” म्हणाले. धंदा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. बाहेरच्या बाकावर मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, ‘जमतं’ म्हणायचं नाही. त्यांनी मान डोलावली. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “काका, हात वर करता येतात का?” आणि बाबा म्हणाले, “जमतं की.”

बाईंनी काही लिहिलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकून बसल्या.

“शिंपी होतात ना तुम्ही? मग माझ्या या कोटाचं काय चुकलंय सांगा. दिवसभर खांदा ओढतो.”

बाबांनी त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. आल्यापासून ते तिकडेच पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. “डावा खांदा उतरलाय. बाही अर्धं बोट पुढे लागलीय. उसवून मागे घ्यायची, आणि इथून...” ते दाखवायला गेले. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं ढकलून पाहिला. बाईंनी घाई केली नाही.

बाबांनी श्वास सोडला. हात मांडीवर ठेवला.

“आता नाही जमत,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

“हा शर्ट घालायला आज किती वेळ लागला?” बाईंनी हळूच विचारलं.

“एक तास चाळीस मिनिटं.”

मग त्यांनी पेन उचललं.

बाहेर आल्यावर जिन्याच्या मधल्या पायरीवर आम्ही टेकलो. बाबा म्हणाले, “बाई हुशार आहे. टेप धरून उभी राहिली.”

अर्ज मंजूर झाला. चौदा महिने मदतनीस रोज सकाळी येत राहिली. ती बटणं पटापट लावायची, तर पहिल्याच आठवड्यात बाबांनी तिला अडवलं. “खालून वर लावत या. म्हणजे एकही काज चुकत नाही.” ती म्हणाली, “आजोबा, नोकरी माझी की तुमची?” पण पुढे ती खालूनच लावू लागली, आणि स्वतःच्या पडद्यांना दुमड घालायला त्यांच्याच मशीनवर शिकली. सकाळ अशी सोपी झाल्यावर बाबांच्या हातांत दुपारपुरता जोर उरायचा. ते मशीनला तेल घालत. कधी नुसतेच शेजारी बसून चुका काढत.

थंडीत छाती भरली तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायला गेले; सकाळी सहाला त्यांच्या हातांसाठी पाणी मीच तापवायचे. मग ते गेले. त्यांच्याच पलंगावर, मशीन दिसेल अशा कुशीवर.

भत्ता थांबवण्यासाठी मृत्यूचा दाखला मी स्वतः कार्यालयात नेऊन दिला. टपालानं चाललं असतं. पण मला त्या बाईंना भेटायचं होतं. त्यांच्या कोटाचा डावा खांदा अजून उतरलेलाच होता.

“तुमच्यामुळे बाबा शेवटपर्यंत घरी राहिले,” मी म्हटलं. “त्यासाठी आभार मानायला आले.”

त्यांनी दाखल्यावरचं नाव वाचलं. “माफ करा, मला चेहरा आठवत नाहीये. रोज वीसेक माणसं येतात.” हे त्यांनी सरळ सांगितलं, ते मला आवडलं. मग त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही कशा आहात?”

“बरी आहे,” मी म्हटलं.

त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. पेन खाली ठेवलं. पुढे काहीच विचारलं नाही.

मी बसले. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कुणाचा तरी क्रमांक पुकारत होते.

“सहाला जाग येते,” मी म्हटलं. “पातेल्यात पाणी तापत ठेवते. मग आठवतं.”