तीन बॅटर

"बस एक रील, सुदेश. मराठी में बोल, 'या मंडळी, बेसबॉल बघायला', खलास!" लीगची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या नबिलाने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, मैं वॉर्म-अप कर रहा हूँ."

"कोच ने तो बिठा दिया ना तुझे?"

खरं होतं. दुपारपासून तीनदा त्याने खांदा मोकळा केला आणि तीनदा कोचने लांबूनच हात खाली करून त्याला बसवलं. चांदूर बाजारचा सुदेश वानखडे, वय बावीस, डावखुरा पिचर. दुबईतल्या या नव्या लीगशी करार झाला तेव्हा गावात फटाके वाजले होते. इथे स्टेडियमच्या फाटकावर त्याचा दोन पुरुष उंच फोटो लागला होता. पण तीन आठवड्यांत मॅचमध्ये एकही चेंडू टाकायला मिळाला नव्हता, आणि आज सीझनची शेवटची मॅच होती.

त्याने रील केली. तोंडभर हसला. मग ग्लव्ह बाकावर असा आपटला की शेजारचा पिचर दचकला.

जाळीपलीकडून सतीशमामाने हाक मारली. मामा अबुधाबीजवळच्या मुसफ्फात वेल्डर. रविवारची सुट्टी साधून, खोलीतल्या तिघांना घेऊन, व्हॅन ठरवून आला होता.

"काय रे, तुले कवा पाठवते? गाडीवाला पाचले निघतो म्हणते."

"मले काय इचारता मामा? त्या कोचले इचारा नं!" सुदेश खेकसला.

मामाने सोबतच्यांकडे वळून 'येतोच आता' अशी खूण केली. ती खूण सुदेशला जास्त झोंबली.

संघ नऊ धावांनी मागे पडला, शेवटची इनिंग लागली, तेव्हा कुठे कोचने त्याच्याकडे बोट दाखवलं. हरलेल्या मॅचमध्ये चांगले पिचर कोण दमवणार?

पहिल्या बॅटरला त्याचे चार चेंडू बाहेर गेले. नियमाप्रमाणे तो बॅटर आयताच पहिल्या बेसवर चालत गेला. दुसऱ्याने पहिलाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. आणखी दोन धावा गेल्या. सुदेशचे कान तापले. पण तिसरा बॅटर दोनदा चकला. तिसरा चेंडू सुदेशने मुद्दाम हळू सोडला. बॅट आधीच फिरून गेली आणि चेंडू मागाहून निवांत कॅचरच्या हातात पडला. तिसऱ्यांदा हुकला, आउट!

जाळीमागे चार माणसं नाचायला लागली.

तेवढ्यात कोच चालत आला; नियमाने पिचरला तीन बॅटर तरी द्यावेच लागतात, ते झाले होते. "नाइस जॉब." त्याने चेंडूसाठी हात पुढे केला.

"कोच, आय कॅन..."

"आय नो, सन." हात तसाच पुढे होता.

सुदेशने चेंडू दिला.

मॅच संपल्यावर तो धावत फाटकाशी गेला. व्हॅन सुरूच होती.

"कोचनं तुले काहून काढलं रे? तू तर त्याले आउट केलं होतं नं?"

सुदेश व्हॅनच्या खिडकीशी वाकला. "मामा, मघा मी जोरात बोललो."

"मले कुठं ऐकू आलं? भोंगे केवढे वाजत होते."

"यल्ला, यल्ला, चलो!" ड्रायव्हर ओरडला. व्हॅन गेली.

बॅग आणायला सुदेश मैदानात परतला. पिचरच्या उंचवट्यावर एक माणूस दाताळ्याने माती ओढत होता. उजव्या हाताच्या पिचरांनी दिवसभर पाय रोवून तिथे खोल खड्डा पाडला होता. त्याच्या बाजूला एक उथळसा खळगा होता.

"ये छोटा वाला किसका है?" त्या माणसाने विचारलं.

"मेरा."

सुदेश खाली बसला. ओंजळीने माती घालून त्याने तो भरला आणि तळव्याने दाबून सपाट केला.