खोट्या गावची येळवस

तीन महिने माझ्या टेस्ट रोज हिरव्या येत होत्या, आणि त्यामुळंच माझं काम जायची वेळ आली होती.

पुण्याची एक छोटी कंपनी गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्रॅम बनवते. डेअरीत पोचण्याआधी तो मोडतो का ते बघायचं, हे माझं काम. सात वर्षं पुण्यात काढून मी हट्टानं माझ्या गावी, तामलवाडीला परत आले, तेही घरून काम करायच्या तीन महिन्यांच्या बोलीवर. मुदत शुक्रवारी संपत होती. सोमवारी कंपनीतल्या यज्ञेश सरांचा फोन आला. सर मूळचे तुळजापूरचे, नकारसुद्धा गोड बोलून देतात.

"निकिता, तीन महिन्यांत एकही चूक सापडली नाही. वरचे विचारतायत, मग वेगळी टेस्टर कशाला? शुक्रवारपर्यंत काही निघालं तर बघू. नाहीतर पुण्यात दुसरं काम आहे, ये इकडं."

मला पुण्याला जायचं नव्हतं. कारण सांगायला मोठं काही नाही. इथं मला झोप लागते.

माझ्या एका कॉम्प्युटरच्या पोटात सहा कॉम्प्युटर आहेत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात जुनं विंडोज, एकात नवं, एकात मुद्दाम तुटपुंजी मेमरी, कारण डेअऱ्यांमधली डबडी तशीच असतात. सकाळी मी स्क्रिप्ट चालू करते. सहाही मशीन कोरी होऊन उठतात, प्रोग्रॅम बसवतात, खोट्या शेतकऱ्यांचं खोटं दूध मोजतात आणि घड्याळ पुढं ढकलत तासाभरात अख्खं वर्ष उरकतात. कुठं अडलं तर लाल खूण, नाहीतर हिरवी. मला या व्यवस्थेचा भारी गर्व होता.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील बब्रुवान पाटील, गावच्या डेअरीचे सचिव. मंगळवारी सकाळी माझं उतरलेलं तोंड बघून ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"ह्यात दूध कोण घालतंय?"

"दोनशे शेतकरी. सगळे खोटे."

"रोज?"

"रोज. तीनशे पासष्ट दिवस."

"कुणाची म्हस आटत न्हाय व्हय?"

"आटते, आबा. तेही धरलंय मी." मी जरा चिडूनच बोलले. ज्याचं त्याला कळतं, असं मनात आलं होतं.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आन् तुझ्या गावात येळवस कवा असती?"

मी खोट्या गावाचं कॅलेंडर उघडलं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, त्यात नव्हतीच.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात पाच दगडांचे पांडव, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील. ताक आंबिलीला लागतं, दूध खिरीला. त्या दिवशी डेअरीला कुणी थेंबभर दूध घालत नाही. जन्मापासून मी हे बघत आले, आणि माझ्या खोट्या गावात मात्र दोनशे माणसं येळवशीलाही किटल्या घेऊन रांगेत उभी. स्वतःला शेतकऱ्याची लेक म्हणवून घ्यायची मला लाज वाटली.

मी त्या तारखेला सगळ्यांचं दूध बंद केलं आणि स्क्रिप्ट सोडली. आबा उठले नाहीत. वर्ष भराभर पुढं गेलं, येळवस आली, आणि सहाच्या सहा मशीन लाल झाली. दिवसाची सरासरी फॅट काढताना प्रोग्रॅम एकूण फॅटला लिटरनं भागत होता. लिटर शून्य, तिथंच तो अडकला. वर आदल्या दिवसाचा हिशेब बंद झाला नाही म्हणून दुसऱ्या सकाळचं दूधही घेईना. मशीन पुन्हा कोरी करून मी तीन वेळा चालवलं. तिन्ही वेळा तिथंच अडकलं.

ही नवी आवृत्ती पंधरा दिवसांत खऱ्या डेअऱ्यांत जाणार होती, आणि खरी येळवस तीन आठवड्यांवर आली होती.

दुपारी सरांचा फोन. "अगं, अख्ख्या डेअरीचं दूध शून्य कसं होईल? जनावरं काय सुट्टी घेतात?"

"सर, येळवस."

पलीकडं सर हसले. "मामाच्या शेतात आंबील पिऊन मी दुपारभर कोपीत झोपायचो. आणि मीच विसरलो."

"मीही विसरले होते. आबांनी विचारलं म्हणून सापडलं."

"मग आबांच्या शेजारीच बस. शुक्रवारी कायम केल्याचं पत्र पाठवतो. आणि गावाकडं असे आणखी कुठले दिवस असतात, त्याची यादी कर."

फोन ठेवल्यावर मी रडले. आनंदानंच, पण बरीच रडले.

येळवशीला आम्ही दिवसभर शेतात होतो. संध्याकाळी परतताना आबा डेअरीकडं वळले. दूध आलं नाही तरी दिवस बंद करावाच लागतो. दुरुस्त केलेली आवृत्ती आठवड्यापूर्वीच तिथं बसली होती. टेस्ट हिरव्या होत्या, तरी मी आबांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आबांनी एका बोटानं बटण दाबलं.

आजचं दूध शून्य लिटर. दिवस बंद झाला.

आबांनी ते दोनदा वाचलं. "शून्य बी नीट मोजलं की गं," म्हणाले, आणि कुलूप माझ्या हातात दिलं. "लाव. सकाळी लवकर ऊठ, उद्या खरं दूध यायचंय."