एकवीस दिवसांतला वाटा

माझं नाव दगडाबाई आन तिचं तेजश्री. इथंच बघा, मी निम्मी हरले.

बांधाच्या भांडणात आमच्या मालकांच्या हातून तिचा नवरा सुग्रीव गेला, त्याला नऊ वर्षं झाली. मालकांना जन्मठेप लागली. लोक काय काय म्हणले, पण मी जेलात भेटीला जायचं सोडलं न्हाई. महिन्यातून एकदा, जाळीच्या अल्याड मी, पल्याड ते, वीस मिनिटं. पण ती वीस मिनिटं निव्वळ माझी.

औंदा दिवाळीनंतर त्यांना एकवीस दिवसांची रजा मिळाली. गावात राहायचं, रोज दहाला ठाण्यात हजेरी लावायची आन सुग्रीवच्या घरच्यांकडं फिरकायचं न्हाई, अशी अट. मला तर काय करू आन काय नको झालं. आमची कपाशी फुटून लोंबत होती, म्हणलं दोघं मिळून वेचू. पण मालक दहाला गेले की पार दिवस मावळताना यायचे. म्हणायचे, जमादार पाचपर्यंत बसवून ठेवतो. मी त्या राधाकिशन जमादाराच्या नावानं रोज बोटं मोडायची. मेल्याला दुसरं काम न्हाई का, म्हणायची, माझे दिवस खातोय.

दहाव्या दिवशी मालक डबा इसरले. मी तो घेऊन ठाण्यात गेले. जमादार चहा पीत होते. म्हणाले, हजेरी दहा मिनिटांत होती, ते तर कवाच गेले. कुठं गेले, म्हणलं, तर जमादारांनी नजर चोरली. पोलिसानं नजर चोरावी अशी एकच जागा त्या अटीच्या कागदावर होती. मी सरळ तिच्या वावरात गेले.

तुरीच्या आडून बघितलं. आमचे मालक तिचा कापूस वेचत होते. ती दोन ओळी सोडून, पाठ करून वेचत होती. बोलणं न्हाई, हसणं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं, मला झिंज्या धरून भांडायला तरी आलं असतं. दुपार झाली तसं तिनं फडक्यात बांधलेली भाकर बांधावर ठेवली आन लांब जाऊन बसली. मालकांनी ती खाल्ली. खाली मान घालून, सावकाश, पार शेवटच्या तुकड्यापर्यंत. मी इकडं भरला डबा घेऊन उभी. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

तशीच माघारी ठाण्यात आले. म्हणलं, तुमाला ठावं होतं. जमादारांनी नाकारलं न्हाई, सगळं सांगितलं. तेजश्री एकटी पडली, अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, वेचायला मजूर मिळंना. तिचा कापूस वेचू का, असं मालकांनीच हात जोडून जमादारांना इचारलं होतं. मग जमादार आधी तिच्या घरी गेले. ती म्हणली, येऊ द्या, पण मला तोंड दाखवायचं न्हाई.

"कागदावर लई काय काय असतं, बाई," जमादार म्हणाले. "माणूस बघून आमाला जरा ढील द्यावी लागती."

"तिला इचारलं. मला कावून न्हाई इचारलं?"

जमादारांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "चुकलं माझं. आता इचारतो. मी हे लिहिलं तर ते आजच्या आज आत जातील, आन पुढली रजा दोन-तीन वर्षं इसरा. न्हाई लिहिलं तर अकरा दिवस राहिलेत. तुमी सांगा, काय करू?"

अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ माणूस माझ्या चुलीपुढं बसला असता. कुणीही शहाणी बाई गप घरी गेली असती. पण माझ्या डोळ्यांपुढून ती बांधावरची भाकर हलंना. अकरा दिवस म्हणजे तिच्या अकरा भाकरी. जेलात तिची भाकर जात न्हाई. तिथं भेटीच्या चिठ्ठीवर एकाच बाईचं नाव असतं, आन ते माझं.

"लिहा," मी म्हणलं.

जमादारांनी दोनदा खात्री केली. म्हणाले, घरी आल्यावर भांडा, शिव्या द्या, दोन दिवस उपाशी ठेवा, पण हे नका करू. मी जागची हलले न्हाई. शेवटी त्यांनी कागद ओढला आन नवऱ्याचं नाव इचारलं. ठावं असून इचारलं. वाटलं असंल, इथं तरी बाई अडखळंल. लगीन झाल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं.

"शहादेव," मी म्हणलं, चांगलं मोठ्यानं.

अंगठा उठवला, शाई पदराला पुसली. मग जमादारांना इचारलं, पुढल्या महिन्यात जेलातली भेट कोणत्या वारी असती? ते माझ्याकडं बघतच राहिले. बघंनात का. वार कळल्याबिगर मी तिथून हलणार नव्हते.